बस म्हटलं की बसायचं

चार जानेवारी. सकाळी साडेनऊला मी गच्चीवर चटई टाकली आणि पोरांच्या दोन विजारी उसवायला घेतल्या. दोन्ही मीच शिवलेल्या, दोन्ही फसलेल्या. आत कापूस भरलेला होता. तो मनालीच्या बर्फात भिजला, त्याचे गोळे झाले, आणि मग दोन दिवस रेल्वेत प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून तो बीडला परत आला. पिशवी उघडली तेव्हा ओल्या गोणपाटाचा वास आला. ऊन चांगलं होतं. आमच्याकडे जानेवारीत उन्हाचा तेवढा भरवसा असतो.

शिवणाऱ्या बाईला स्वतःचे टाके उसवायला आवडत नाही. मी बावीस वर्षं शाळांचे गणवेश शिवते आणि माझी शिलाई सहसा उसवत नाही, हीच आता अडचण होती. ब्लेड घेऊन एकेक टाका तोडत बसले. खाली अंगणात आमचा आठ वर्षांचा मुलगा आणि माझ्या धाकट्या जावेची सहा वर्षांची मुलगी दोन पाटांवर उभं राहून घसरायचा प्रयत्न करत होती. फरशीवर पाट घसरत नव्हते. ती दोघं भांडत होती. दोघांचे हातपाय शाबूत आहेत हे आवाजावरून कळत होतं, म्हणून मी खाली डोकावले नाही.

बर्फावर घसरायला जायचं खूळ मुलाचं. त्याने फोनवर त्याच्या एवढी पोरं पायाला लांब पट्ट्या बांधून डोंगरावरून येताना पाहिली होती. आमचे हे हायस्कूलला क्लार्क आहेत. नाताळची सुट्टी होती, लग्नाला अठरा वर्षं झाली तरी आम्ही देवाच्या गावांपलीकडे कुठं गेलो नव्हतो. तेलगावला राहणारे धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची मुलगी अशी दोन्ही घरं मिळून जायचं ठरलं. तिकिटं काढली. निघायच्या चार दिवस आधी त्यांच्या उसाला कारखान्याची तोड आली. तोडणाऱ्यांची टोळी फडात उतरली की मालकाने शेत सोडून बर्फ बघायला जाता येत नाही. आणि तोड नाकारली तर पुढची कधी येईल ते कारखानाच जाणे.

दिरांनी फोन करून सांगितलं की आमचं राहू द्या, तुम्ही या जाऊन. तो फोन मुलीने ऐकला. तिने दोन महिने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ती रडली नाही, आरडाओरडा केला नाही, फक्त जेवायला बसली नाही. दुसऱ्या दिवशीही सकाळी बसली नाही. संध्याकाळी जाऊ तिला बॅगेसकट आमच्याकडे घेऊन आली.

ही मुलगी लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. त्या नऊ वर्षांत जावेने किती दवाखाने पाहिले आणि नारायणगडावर किती वेळा डोकं टेकलं ते मला ठाऊक आहे, कारण निम्म्या वेळा मी सोबत होते. त्या मुलीला ती वस्तीवरून एकटी दुकानातसुद्धा पाठवत नाही. जाऊ स्टँडवर परतीच्या गाडीत चढली, खिडकीशी बसली आणि काच सरकवून मला म्हणाली,

"बाई, जशी नेली तशी आणा. मला दुसरं काई म्हणायचं न्हाई."

मी हो म्हणाले. गाडी गेल्यावर मला कळलं की मी काय कबूल केलं आहे. स्वतःचं पोर पडलं तर आपण मलम लावतो आणि विसरतो. दुसऱ्याचं पोर पडत नसतं, ते आपण पाडलेलं असतं. जावेला माझ्यावर राग धरता येणार नाही आणि ती काही बोलणारही नाही, पण पुन्हा पोर माझ्याकडे सोडणार नाही. आमच्या दोन घरांत मोकळेपणाने जाणारं-येणारं जे काही होतं, ते ती मुलगीच होती.

तर विजारी. ह्यांच्या एका मित्राने सांगितलं होतं की तिकडे बर्फाचे कपडे भाड्याने मिळतात, रस्त्याने दुकानंच दुकानं आहेत. मी म्हणाले, शेकडो पोरांनी घालून काढलेले दमट कपडे मी आपल्या पोरांच्या अंगाला लावणार नाही. शिवणाऱ्या बाईच्या घरातली पोरं भाड्याच्या विजारीत फिरणार, हे मला पटलं नाही. गणवेशाचं निळं जाड कापड उरलेलं होतं. तेलगावच्या शेतातला, सरकी काढून आणलेला कापूस घरात होता; मुलीसाठी गादी भरायची म्हणून जावेनेच दिला होता. थंडीला कापसासारखं दुसरं काय आहे, असा माझा हिशेब. कापसाच्या गावात जन्म गेला, गोधड्या शिवल्या, पोरांना कुंच्या शिवल्या. दोन विजारींत कापूस भरला, आडवे-उभे धावदोरे घातले, खाली घट्ट इलॅस्टिक लावलं. घातल्यावर पोरं लोडासारखी दिसत होती. ती घालून दोघं अंगणात पडूनपडून बघत होती आणि लागत नाही म्हणून हसत होती. मला फार समाधान वाटलं.

कोरड्या थंडीत कापूस राजा आहे. बर्फ म्हणजे थंडी नसून पाणी आहे, हे मला चाळिशीच्या उंबऱ्यावर मनालीत कळलं.

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. नगरहून दिल्ली, दिल्लीहून वर. मी मुलीला दर तासाला तपासत होते. कपाळ गरम आहे का, पोट दुखतं का, चप्पल कुठं आहे. ती कुठलाच त्रास देत नव्हती. देणारा माझा होता. घाटात दोनदा ओकला. संध्याकाळी जावेचा व्हिडिओ कॉल यायचा. ती पोरीला काहीच विचारायची नाही. नुसती स्क्रीनवर तिला वरून खालपर्यंत बघायची आणि मग म्हणायची, "बाईकडं दे." मी म्हणायचे, नीट आहे. ती म्हणायची, बरं. मागे उसाच्या फडात कोयत्यांचा आवाज यायचा.

मनालीच्या वरच्या अंगाला बर्फाचा एक रुंद उतार होता, तिथे पहिल्या दिवशी गेलो. शिकवणारा तिथलाच, तिशीतला, गालांची कातडी उन्हाने सोललेली. त्याने पोरांच्या पायात प्लास्टिकचे बूट चढवले. सगळ्यात लहान नंबरसुद्धा मुलीला मोठा झाला, म्हणून दोन मोज्यांचे तीन मोजे केले. मग त्याने पट्ट्या अडकवल्या आणि सांगितलं की थांबायचं असेल तर पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणा, मागची लांब करा, पिज़्ज़ा बनाओ. मुलाने लगेच बनवला. मुलगी उभी. तिने पिझ्झा जाहिरातीत गोल पाहिला होता. तिने पट्ट्या गोल करायचा प्रयत्न केला आणि एकीवर दुसरी चढवून बसली.

मी म्हणाले, "अगं, घडीची पोळी." तव्यावर टाकायच्या आधी घडी घालून तिकोनी करतो ती. तिने लगेच टोकं जुळवली. शिकवणाऱ्याने मला विचारलं, मॅडम क्या बोला आपने. ह्यांनी त्याला हिंदीत घडीची पोळी समजावून सांगितली. त्याला समजली की नाही देव जाणे, पण त्यानंतर तो सगळ्यांना 'पोली, पोली' असं ओरडून सांगायला लागला. दिल्लीकडच्या एका बाईनेही तिच्या पोराला तसंच सांगितलं.

दुपारपर्यंत दोघंही दहा पावलं घसरून थांबायला शिकली. आणि दुपारपर्यंत विजारी भिजल्या. बर्फात बसलं, लोळलं की गणवेशाच्या कापडातून पाणी सरळ आत. शिकवणाऱ्याने मुलीला उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "इसमें क्या भरा है?" त्याने विचारलं. कपास, असं ह्यांनी सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. बर्फात कापूस म्हणजे पाण्याची टाकी, उद्या भाड्याने सूट घ्या, एवढंच म्हणाला.

मी घेतले नाहीत. हे मी आता कबूल करते. विजारी खोलीवर हीटरपुढे खुर्चीवर टाकल्या, सकाळी वरून कोरड्या लागल्या, म्हणून त्याच घातल्या. हे म्हणाले, "अगं, आतून ओल्या हायत." मी म्हणाले, चालताना वाळतील. बावीस वर्षांची शिलाई एका दिवसात खोटी ठरवायला मी तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्याने पोरांना थोडं वर नेलं. खाली उतार संपतो तिथे एक दोरी ताणलेली होती, आणि दोरीच्या पलीकडून बर्फावरच्या मोटारगाड्या जायच्या. माणसं मागे बसवून त्या भरधाव हाकायचे. दोरी मुलीच्या डोक्याच्या वर येत होती. मी हे आदल्या दिवशीच पाहिलं होतं आणि कालच्या उतारावरून तिथवर कोणी पोचत नाही म्हणून गप्प बसले होते. आज उतार वेगळा होता. मी काही म्हणायच्या आत मुलगा निघाला.

तो बरा आला, मध्ये हात वर करून आम्हाला दाखवायला गेला आणि आडवा झाला. पट्टी सुटून लांब गेली. शिकवणारा त्याला उचलायला त्याच्याकडे वळला. वर मुलगी एकटी उभी होती. तिला थांब असं कोणी सांगितलं नव्हतं. आपला नंबर आला असं समजून ती निघाली.

सुरुवातीला पोळी होती. मग पोळी उलगडली. दोन्ही पट्ट्या सरळ झाल्या आणि ती सरळ रेषेत, हात दोन्हीकडे पसरून, खाली यायला लागली. ती ओरडत नव्हती. तिच्या तोंडावर भीती नव्हती, लक्ष देऊन ऐकणाऱ्या पोराचा चेहरा होता. मी बाजूला साठ-सत्तर पावलांवर, पायात भाड्याचे गमबूट. पळायला गेले तर गुडघ्यापर्यंत रुतले. एक पाय काढला तर दुसरा आत. डावीकडून मोटारगाडीचा आवाज येत होता. त्या वेळी मनात देव आला नाही, दुसरंतिसरं काही आलं नाही. एसटीची खिडकी आली आणि सरकवलेली काच.

शिकवणाऱ्याने मान वर केली, तिला पाहिलं आणि ओरडला, "बस! बस! बच्चा, बस!"

आणि ती बसली.

उभी होती तशी खाली बसली, एका क्षणात, पाटावर बसावी तशी. पट्ट्या अजून पुढे ओढत होत्या, पण भिजलेल्या कापसाचा तो बोजा बर्फाला घासला, रुतला, पुढे बर्फाचा ढीग करत गेला आणि थांबला. दोरी तिच्यापासून चार-पाच हातांवर होती. पलीकडून मोटारगाडी निघून गेली. गाडीवरच्या माणसाने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी रांगत म्हणावं तशी पोचले. मुलगी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. मी तिचे हात पाहिले, पाय दाबून पाहिले, मान इकडून तिकडे वळवली. काही नव्हतं. ती म्हणाली,

"मोठी मम्मी, कामून बसवलं मला? मी तर नीट आलते."

मी तिच्या टोपीवरचा बर्फ झटकला. शिकवणारा मुलाला काखेत धरून आला. तो धापा टाकत होता. हिंदीत तो 'बस' म्हणाला त्याचा अर्थ पुरे, थांब, असा होता. थांबायचं सगळ्यात सोपं साधन म्हणजे बसणं, पण ते तो पोरांना शेवटी शिकवतो, कारण पोरं घाबरली की ताठ होतात, बसत नाहीत. हिला कोणी शिकवलं, असं त्याने विचारलं.

तिला कोणी शिकवलं ते मला माहीत होतं. आमच्याकडेही 'बस झालं' म्हणतात, पण नुसतं 'बस' ओरडलं तर त्याचा अर्थ एकच. माझे दीर तिला ती दोन वर्षांची असल्यापासून बैलगाडीत, ट्रॉलीत, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या भाऱ्यावर बसवून शेतात नेतात. बांध आला, पाण्याची चारी आली, चाक कलायला लागलं की ते मागे न बघता ओरडतात, "बस." त्यावर प्रश्न विचारायचा नसतो. आधी बसायचं, मग विचारायचं. आमचा बीडमध्ये वाढलेला मुलगा कार्टून बघून हिंदी शिकला आहे. त्याला तो शब्द बरोबर कळला असता आणि तो थांबायचा विचार करत दोरीखालून गेला असता.

हे सगळं हे शिकवणाऱ्याला सांगत होते तेवढ्या वेळ मुलगी तिथेच बसलेली. मी म्हणाले, चल. ती उठेना. शेवटी हे म्हणाले, "ऊठ गं." तेव्हा उठली. ऊठ म्हटल्याशिवाय उठायचं नाही, हा त्या नियमाचा दुसरा भाग.

मग मी दुकानात गेले आणि दोघांना भाड्याचे सूट घेतले. दमट होते. पण आतून पाणी येत नव्हतं. विजारी पिळल्या तर हिरवट-निळं पाणी निघालं, कापडाचा रंगही पक्का नव्हता. ह्यांनी पिशवी उघडून धरली. दुसरा कोणी असता तर बोलला असता. संध्याकाळी जावेचा फोन आला. तिने पोरीला वरून खालपर्यंत पाहिलं. मी म्हणाले, नीट आहे. ते खोटं नव्हतं, तरी त्या दिवशी मी तिच्या 'बरं'ची वाट न बघता फोन ठेवला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सफरचंद खाताना मुलीचा पुढचा दात पडला. हलत तो घरूनच होता. तरी मी तो सफरचंदातून शोधून काढला, धुतला, माझ्या सुयांच्या डबीत ठेवला. जशी नेली तशी म्हणजे दातासकट. मुलगी शेवटच्या दिवशी वरच्या उतारावरून तीनदा एकटी खाली आली, पोळी न मोडता. मी तीनही वेळा खाली दोरीपाशी जाऊन उभी राहिले. कुणी मला तिथून हटवू शकलं नाही.

हे सगळं आठवत मी त्या दिवशी गच्चीवर कापूस सुटा करत होते. गोळे बोटांनी उकलायचे, पातळ पसरायचे, वर जुनी साडी टाकायची म्हणजे उडत नाही. दुपारी मुलगी वर आली. कापूस ओळखून म्हणाली, हा आमचा हाय ना. मी हो म्हणाले. तिने एक गोळा घेतला आणि माझ्यासारखाच उकलायला बसली. मी विचारलं, मम्मीला काय सांगशील. ती म्हणाली, बर्फ लई गार हाय. एवढंच. मी तिला गप्प राहा असं म्हणू शकले असते. सहा वर्षांच्या पोराला गप्प राहायला सांगितलं तर ते आयुष्यभर लक्षात ठेवतं, म्हणून म्हणाले नाही. संध्याकाळपर्यंत कापूस खडखडीत वाळला. थोडा निळसर झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला, कापसाच्या पिशवीला आणि सुयांच्या डबीला घेऊन परळीच्या गाडीत बसले. वडवणीवरून तेलगाव. जाऊ फाट्यावर उभी होती, ऊस गेला होता, तिचे हात रिकामे होते. तिने पोरीला उचललं नाही. हनुवटी धरून तोंड वर केलं, हात उलटेसुलटे केले, मग तोंड उघडायला लावलं.

"दात?"

मी डबी दिली. तिने दात पाहिला, पदरात बांधला. मग फाट्यावरच्या लिंबाखाली उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. उतार, दोरी, मोटारगाडी, माझे गमबूट, ओल्या विजारी, आणि त्या विजारी मीच हट्टाने घातल्या होत्या हेही. सांगून झाल्यावर तिने पोरीला विचारलं,

"बस म्हणलं तवा लगेच बसलीस का?"

"लगेच."

"मग झालं," जाऊ म्हणाली. आणि मला म्हणाली, "उन्हाळ्यात ठेवून घ्या तिला महिनाभर. शिलाई शिकू द्या. विजारी सोडून."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, मी ते पुसलं. दीर रिकामी ट्रॉली घेऊन आले होते. आम्हाला वस्तीवर जायचं होतं. मी पिशवी सांभाळत वर चढले आणि ट्रॉलीच्या फळीला धरून उभी राहिले, कारण खाली उसाचं पाचट आणि धूळ होती आणि माझी साडी धुतलेली होती. पुढे चारी होती. दिरांनी मागे न बघता आवाज दिला,

"बसा, वहिनी."

मी साडीसकट पाचटावर बसले. मुलगी माझ्या आधीच बसली होती.